घरच्या मिक्सरवर फळांची स्मूदी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ऊन तापायला लागलं की हे प्रश्न सुरू होतात. बहुतेक तक्रारींचं मूळ एकच असतं: घट्टपणा आणि गोडी फळातून यायला हवी, आणि लोक ती बर्फ आणि साखर घालून आणायला बघतात. खालची उत्तरं साधा 500 ते 750 वॉटचा घरगुती मिक्सर, त्याचं स्टीलचं भांडं आणि फ्रिजचा फ्रीजर एवढंच सामान धरून लिहिली आहेत.

स्मूदी आणि मिल्कशेक यात फरक काय? नाव बदलून तेच विकतात ना?

बरेचदा हो. पण घरी करताना फरक लक्षात ठेवलेला बरा. मिल्कशेक हे दूध असतं, त्याला फळाची चव लावलेली असते. स्मूदी हे फळ असतं आणि दूध-दही त्यात पातं फिरण्यापुरतं पडतं. ज्यूस गाळून चोथा टाकून देतात, स्मूदीत तो चोथा पोटात जातो, आणि तिचा खरा फायदा तोच. लस्सीत दही मुख्य. पुण्याची मस्तानी म्हणजे घट्ट मिल्कशेक आणि वर आइस्क्रीमचा गोळा. तो वेगळा लाड आहे, त्याला पौष्टिक म्हणून स्वतःची समजूत घालू नये. उरला आमरस. कृती पाहिली तर तो स्मूदीच्या सगळ्यात जवळचा, पण पुरीसोबत वाटीत येणाऱ्या रसाला कुणी स्मूदी म्हणालं तर आमच्याकडे जेवणाचं ताट मागे घेतील.

माझ्याकडे महागडा ब्लेंडर नाही. मिक्सरवर जमेल का?

जमतं, फक्त मिक्सरचा स्वभाव ओळखून घ्या. आपल्याकडचे मिक्सर हे वाटणाचे. 1960 च्या दशकात मुंबईत सत्यप्रकाश माथूर यांनी ‘सुमीत’ आणला तो इडलीचं पीठ, ओलं खोबरं, मसाले वाटायला, आणि त्यानंतर आलेल्या मिक्सरांचा बांधाही तोच राहिला: रुंद भांडं, तळाशी जवळजवळ टेकलेलं पातं, जबर वेग. ब्लेंडरचं उंच, निमुळतं भांडं वरचं फळ आपोआप पात्याकडे ओढून घेतं. मिक्सरच्या भांड्यात मात्र गोठलेल्या फळाचे तुकडे वर कमान धरून बसतात, खाली पातं हवेत गरगरतं आणि आवाज एकदम पातळ, चिरका होतो. तो आवाज आला की बटण बंद करायचं. वेग वाढवून उपयोग होत नाही.

क्रम महत्त्वाचा. आधी दूध किंवा दही, मग मऊ ताजं फळ, आणि गोठलेले तुकडे सगळ्यात वर. भांडं निम्म्यापेक्षा थोडंच जास्त भरा. सुरुवातीला नॉब उलटा फिरवून दोन-दोन सेकंदांचे झटके द्या, पाच-सहा झटक्यांत तुकडे फुटतात. झाकण काढून चमच्याने कडेचं खाली ओढा, वाटलं तर दोन चमचे दूध घाला, आणि मग एक नंबरवर सलग अर्धा मिनिट. तीन नंबर गाठायची गरज पडत नाही. चटणीचं छोटं भांडं एका माणसाच्या स्मूदीला मोठ्या भांड्यापेक्षा चांगलं चालतं, कारण त्यात थोडा ऐवज पात्याला सोडून पळू शकत नाही. ज्यूसरचं भांडं, ज्याच्या मधोमध जाळी असते, ते बियांच्या फळांसाठी राखून ठेवा.

मिक्सर मधेच बंद पडला, दिवे मात्र चालू आहेत? घाबरू नका. भांडं उतरवा, प्लग काढा, मिक्सर उलटा करून बुडाशी असलेलं छोटं लाल बटण दाबा. जास्त भार पडला की मोटर जळू नये म्हणून ते उडतं. दहा मिनिटं मोटर गार होऊ द्या आणि पुढच्या वेळी तुकडे बारीक करा.

नेमकं प्रमाण सांगा. अंदाजपंचे नको.

दोन मध्यम पेल्यांसाठी: गोठवलेल्या फळाचे तुकडे दीड वाटी, दही अर्धी वाटी, दूध अर्धी वाटी. वाटी म्हणजे साधारण 150 मिलीची आमटीची वाटी. चिमूटभर मीठ घाला; गोडी वर येते आणि साखरेकडे जाणारा हात थांबतो. आंबट फळ असेल तर दुधाऐवजी सगळं दहीच घ्या. पुढचं सगळं फळ बघून. कलिंगड, संत्रं, द्राक्षं ही पाण्याची फळं, त्यांना दूध जवळपास लागत नाही. चिकू, सीताफळ, केळं ही गराची फळं, ती दूध पितात.

बर्फ किती घालायचा?

शक्यतो घालूच नका. बर्फ म्हणजे पाणी. पहिले दोन घोट गार लागतात, पाचव्या मिनिटाला पेल्यात वर फेस आणि खाली पाणी. शिवाय फ्रीजरमधले मोठे चौकोनी खडे साध्या मिक्सरचं पातं बोथट करतात आणि प्लास्टिकच्या झाकणाला तडा जातो तो वेगळाच.

त्याऐवजी फळ गोठवा. फळाच्या गरातलं पाणी गराला धरूनच गोठतं, वाटलं की त्याचे बारीक कण गरात अडकून राहतात आणि मिश्रण आइस्क्रीमसारखं दाट होतं. यात केळ्याचा हात कुणी धरू शकत नाही. त्यात गर भरपूर, पाणी बेताचं आणि धागा नाही.

केळं गोठवायचं ते सालीवर काळे ठिपके पडल्यावर, म्हणजे पिष्टाची साखर झालेली असते तेव्हा. साल आधीच काढा. सालीसकट गोठवलेलं केळं नंतर सोलताना बोटं बधिर होतात आणि साल सुरीने खरवडावी लागते. बोटभर जाडीच्या चकत्या करा, स्टीलच्या ताटात एकमेकींना चिकटणार नाहीत अशा पसरा, ताट तीन तास फ्रीजरमध्ये ठेवा. चकत्या टणक झाल्या की डब्यात किंवा पिशवीत भरा. आधीच पिशवीत भरलं तर सगळ्याची एक वीट होते आणि ती फोडायला बत्ता लागतो. आंब्याच्या फोडी, चिकू, स्ट्रॉबेरी, जांभळाचा गर, सगळ्याला हीच रीत. दोन-तीन महिने चव टिकते, नंतर फ्रीजरचा वास लागतो. वाटण्याआधी पाच मिनिटं बाहेर काढून ठेवा, मिक्सर दुवा देईल.

पपईची स्मूदी केली, दहा मिनिटांत कडू झाली आणि जेलीसारखी थिजली. दूध खराब होतं का?

दूध चांगलं होतं. पपईत पपेन नावाचं विकर (एन्झाइम) असतं, ते दुधातली प्रथिनं तोडतं. तुटलेल्या प्रथिनांचे तुकडे चवीला कडू लागतात आणि दूध दाटून येतं. पपईतलं पेक्टिन, म्हणजे जेली घट्ट करणारा घटक, त्यात भर घालतं. अननसात ब्रोमेलेन, किवीत ॲक्टिनिडिन, दोघांचं काम तेच. अंजिरातही फिसिन असतं.

तीन वाटा आहेत. पहिली, लगेच प्या. विकराला वेळ मिळाला नाही तर कडवटपणा येत नाही. दुसरी, उष्णता. हे विकर तापवलं की निकामी होतं, म्हणून डब्यातला अननस दुधात खुशाल चालतो आणि ताजा चालत नाही. ताज्या अननसाच्या फोडी दोन चमचे पाण्यात झाकण ठेवून पाच मिनिटं वाफवा, पूर्ण गार करा, मग वापरा. त्याला जरा मुरांब्याची चव येते, ती मला आवडते. तिसरी वाट सगळ्यात सोपी: दूध-दही टाळा. अननसाला नारळाचं दूध द्या. त्यात प्रथिनं कमी असतात आणि चवीचं तर विचारूच नका. कोकणात नि गोव्यात घरात नारळ असतोच, तिथे हा प्रश्न पडायलाही नको.

गोठवल्याने विकर मरतं असा एक समज आहे. मरत नाही. ते थंडीत सुस्त पडतं आणि स्मूदी कोमट होऊ लागली की पुन्हा कामाला लागतं.

दूध आणि फळ हा विरुद्ध आहार आहे म्हणतात. मग काय करायचं?

हा प्रश्न सासूबाई असलेल्या प्रत्येक घरातून येतो, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात दुधाबरोबर घेऊ नयेत अशा फळांची लांबलचक यादी आहे. तिच्यात आंबा, जांभूळ, फणस, डाळिंब, आवळा आहेत, केळंही आहे. आणि ती यादी जिथली, त्याच देशात आपण पिढ्यान्पिढ्या शिकरण-पोळी खात आलो, आमरसात दूध घालत आलो. प्रत्येकाने आपापल्या घरचा आणि पोटाचा हिशेब पाहावा.

रसायनाच्या बाजूने सांगायचं तर आंबट फळाने दूध फाटतं, कारण आम्लता वाढून पीएच 4.6 च्या आसपास गेला की केसिन हे दुधातलं प्रथिन गोळा होतं. पोटात गेल्यावर जठराच्या आम्लात दूध तसंही फाटतंच, त्यामुळे फाटलेली स्मूदी विषारी वगैरे होत नाही. फक्त दिसायला आणि तोंडाला वाईट लागते. ज्यांना हा आहार सोसत नाही किंवा पटत नाही, त्यांनी गोड पिकलेल्या फळाला दूध आणि आंबट फळाला नारळाचं दूध किंवा नुसता संत्र्याचा रस असं ठेवावं. वाद मिटतो.

कोणत्या दिवसांत कोणतं फळ घ्यावं?

बाजारात जे ढिगाने आणि स्वस्त, ते. बारा महिने सगळं मिळतं खरं, पण डिसेंबरातलं आंब्याचं पेय आणि जूनमधली स्ट्रॉबेरी यांत चवीपेक्षा पैसेच जास्त असतात.

थंडीत महाबळेश्वर-पाचगणीची स्ट्रॉबेरी, साधारण डिसेंबर ते मार्च. 2010 पासून तिला भौगोलिक मानांकन आहे. मार्च जवळ आला की टोपलीच्या तळाची मऊ, गडद फळं स्वस्तात मिळतात आणि स्मूदीला तीच हवीत. देठ धुतल्यावर काढा, आधी काढलात तर फळ पाणी पितं. त्याच दिवसांत पेरू, आणि नागपूरची संत्री, तीही दोन बहारांची, म्हणजे दोन मोसमांची: आंबिया बहार साधारण ऑक्टोबर ते डिसेंबर, मृग बहार फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास. मृगाचं संत्रं जास्त गोड, स्मूदीला माझी पसंती त्यालाच. संत्र्याच्या फोडीची पांढरी शीर आणि बी काढायचा कंटाळा केला तर ती कडवटपणा धरते, आणि अर्ध्या तासाने तो वाढतो.

डहाणू-घोलवडच्या चिकूबद्दल थोडं. चिकू फार कमी लोक स्मूदीत घालतात आणि हे मला न उलगडलेलं कोडं आहे. पूर्ण पिकलेला चिकू, साल काढलेला, गार दूध, दोन भिजवलेले खजूर आणि नखभर जायफळ. साखर नाही, केळं नाही. अर्धकच्चा चिकू मात्र जिभेला चीक लावतो, तो अंगठ्याने दाबून बघूनच घ्या. टणक असेल तर तांदळाच्या डब्यात दोन दिवस.

एप्रिल-मे आंब्याचा. हापूस स्मूदीत घालणं माझ्या जिवावर येतं. तो कापून खावा. स्मूदीला पायरी घ्या किंवा मराठवाड्याचा केसर. तोतापुरी स्वस्त असतो आणि थोडा आंबट, दह्याशी त्याचं छान जमतं. मे अखेर ते जुलै जांभळं. पावसाळ्याच्या शेवटाला सीताफळ, बीड आणि पुरंदरकडचं. आणि केळं वर्षभर, त्यातलं बरंचसं जळगावचं. बाजारातलं लांबलचक पिवळं केळं म्हणजे ग्रँड नैन, गाडीवाल्याच्या भाषेत जी-नाईन. वेलची केळी जास्त सुवासिक असतात, पण एका मोठ्या केळ्याऐवजी तीन तरी लागतात.

पेरू, डाळिंब, सीताफळ: बियांचं काय करायचं?

पेरू: आधी दोन घोट दुधात नुसता पेरू झटक्याझटक्याने फिरवा, चाळणीतून गाळा, मग बाकीचं घाला. सलग फिरवला तर बिया भरडल्या जातात आणि रेती खाल्ल्यासारखं होतं. डाळिंब: दाणे वाटून गाळून रसच घ्या. दाण्याचं टणक बी वाटलं की तुरट-कडू चव उतरते. जांभूळ: मीठ लावून हाताने चोळा, बी सुटून येतं.

सीताफळाचं वेगळं आणि गंभीर. त्याच्या बिया विषारी असतात. अख्खं बी चुकून गिळलं तर ते तसंच बाहेर पडतं, पण मिक्सरमध्ये बी फुटलं तर त्यातले घटक गरात मिसळतात. म्हणून सीताफळ कधीही बियांसकट मिक्सरला लावायचं नाही. गर मोठ्या भोकांच्या चाळणीवर टाका, पळीच्या पाठीने गोल गोल घासा, बिया वर राहतात. हात चिकट होतात, वेळ लागतो, पण दुसरा मार्ग नाही. गर मिळाला की त्याला मिक्सरही लागत नाही, गार दुधात रवीने घुसळा. मिक्सरमध्ये सीताफळाचा दाणेदारपणा जातो आणि मग सीताफळ कशाला आणलं असं होतं.

साखरेऐवजी मध किंवा गूळ घातला तर चालेल ना?

चवीसाठी चालेल. पण मध घातला म्हणजे साखर टळली असं नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबात मधातली साखरही वरून घातलेल्या साखरेच्याच खात्यात जाते. गूळ तसाच, आणि तो थंड स्मूदीत नीट विरघळतही नाही. फळ फिकं निघालं तर एक बी काढलेला खजूर पंधरा मिनिटं कोमट दुधात भिजवून वाटा. पण मुळात फिकं फळ आणू नका.

फेस फार येतो. आणि वर लोण्याचे कण दिसतात.

फेस म्हणजे हवा. जास्त वेळ आणि जास्त वेगाने फिरवलं की येते. पाच मिनिटं ठेवलं की बसतो. लोण्याचे कण खरोखर लोण्याचेच असतात. सायीसकट गार दूध मिनिटभर तीन नंबरवर फिरवणं म्हणजे ताक घुसळणंच झालं. साय काढून ठेवा, नाहीतर फळ आधी वाटून दूध शेवटच्या दहा सेकंदांत घाला.

स्मूदी काळी पडते.

केळं, सफरचंद, चिकू कापले की पॉलिफेनॉल ऑक्सिडेझ हे विकर हवेशी मिळून रंग बदलतं. अर्धा चमचा लिंबाचा रस पुरतो. केळं आणि बेरीवर्गातली फळं एकत्र वाटली तर केळ्यातलं हे विकर बेरीतले फ्लॅव्हनॉल, म्हणजे तब्येतीला उपयोगी मानले जाणारे घटक, बरेचसे खर्ची घालतं, असं कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या संशोधकांच्या 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं. अभ्यास छोटा आहे, त्यावरून स्ट्रॉबेरी-केळं सोडायचं कारण नाही. चवीला ती जोडी चांगलीच आहे. पण स्ट्रॉबेरी तब्येतीसाठी म्हणून घेत असाल तर केळ्याऐवजी दही किंवा आंबा घ्या.

उपवासाला चालते का?

फळं, दूध, दही, खजूर, शेंगदाण्याचं कूट, राजगिऱ्याच्या लाह्या हे बहुतेक घरांत चालतं, आणि त्यात एक झकास स्मूदी होते: केळं, दही, दोन चमचे कूट, वर मूठभर लाह्या. मिठाऐवजी सैंधव. ओट्स चालत नाहीत. चियाबद्दल घराघरात मतभेद आहेत, आणि त्यात मी पडत नाही.

ओट्स, सब्जा, चिया, प्रोटीन पावडर: काय कधी घालायचं?

ओट्स दोन चमचे, दुधात दहा मिनिटं भिजवून. कोरडे घातले तर पिठूळ लागतात. सब्जा पंधरा-वीस मिनिटं भिजवून वरून ढवळायचा, मिक्सरला लावला तर त्याची सगळी मजा जाते. नाचणी कच्ची घालू नका, सत्त्व शिजवून गार करून घाला. प्रोटीन पावडरचं म्हणाल तर 250 मिली दुधात साधारण 8 ग्रॅम प्रथिनं असतातच, आणि पाण्याऐवजी चक्का घातला तर आणखी वाढतात. व्यायाम करणाऱ्यांनी आपापलं बघावं.

पालक, काकडी, दुधी घालून हिरवी स्मूदी करते. काही धोका?

एक आहे आणि तो जिवाशी खेळणारा आहे. दुधी किंवा काकडी वाटण्याआधी कच्चा तुकडा जिभेला लावून बघा. कडू लागला तर पूर्ण फळ टाकून द्या. तो कडवटपणा कुकुरबिटासिन या विषारी द्रव्याचा असतो. कडू दुधीचा रस पिऊन आपल्या देशात माणसं दगावली आहेत, आणि त्यानंतर भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या तज्ज्ञ समितीने कडू रस अजिबात पिऊ नका असा इशारा दिला. साखर-लिंबू घालून कडू चव झाकणं हा सगळ्यात वाईट उपाय. पिऊन उलट्या, पोटात कळा, जुलाब सुरू झाले तर थेट दवाखाना.

पालकात ऑक्झलेट भरपूर असतं. मुतखड्याचा त्रास असलेल्यांनी रोज कच्चा पालक पिऊ नये. रक्त पातळ ठेवणारं वॉरफरिन चालू असेल तर हिरव्या पाल्याचं प्रमाण डॉक्टरांना विचारल्याशिवाय बदलू नये.

मधुमेह आहे. पिऊ का?

शक्य असेल तर फळ चावून खा. वाटलेलं फळ पटकन पोटात जातं, आणि दोन केळी खाऊन थांबणारा माणूस दोन केळ्यांची स्मूदी पिऊन वर आणखी काहीतरी खातो. प्यायचीच झाली तर एका वेळी फळ 100 ग्रॅमच्या आत, सोबत दही आणि पाच-सहा बदाम, खजूर-मध काही नाही, आणि प्यायल्यावर दोन तासांनी साखर मोजून आपल्या डॉक्टरांशी बोला. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या आदर्श ताटात सुदृढ माणसासाठीही दिवसाला फळं 100 ग्रॅमच्याच आसपास धरली आहेत.

मूत्रपिंडाचा आजार असेल तर केळं, शहाळं, संत्रं यांतलं पोटॅशियम अडचणीचं ठरतं. आणि कमरख, म्हणजे स्टार फ्रूट, अशा रुग्णांनी चाखूसुद्धा नये. ते त्यांच्या मेंदूवर परिणाम करतं.

वजन कमी करायचंय. जेवणाऐवजी स्मूदी?

आधी बेरीज करा. दोन केळी साधारण 200 कॅलरी, फुल क्रीम दूध 250 मिली सव्वादोनशेच्या घरात, शेंगदाण्याचं कूट दोन चमचे शंभर-सव्वाशे, चमचाभर मध साठ. सहाशेच्या आसपास गेलं. हे जेवणच आहे. ते जेवणाऐवजी घेतलंत तर हरकत नाही, जेवणावर घेतलंत तर वजन कुठल्या दिशेला जाईल ते सांगायला नको.

मुलांना कधीपासून द्यावी?

वर्षाच्या आत मध अजिबात नाही, आणि गाईचं दूधही मुख्य पेय म्हणून नाही. घन आहार सुरू झाल्यावर कुसकरलेलं केळं, चिकू चमच्याने भरवावा. बाळाला चघळायला शिकायचं असतं. मोठ्या मुलांना खुशाल द्या, फक्त बाटलीतून तासभर चोखत बसू देऊ नका, दातांची वाट लागते. शाळेच्या डब्यासोबत द्यायची असेल तर मधल्या सुट्टीपर्यंत ती गार राहील अशी बाटली हवी.

रात्री करून सकाळी प्यायली तर?

चोवीस तासांच्या आत, फ्रिजमध्ये, काठोकाठ भरलेल्या बाटलीत. थर वेगळे झाले तर हलवून घ्या. पपई, अननस, किवी आणि दूध असेल तर ठेवायचीच नाही. बाहेर दोन तासांवर राहिलेली टाकून द्या, मे महिन्यात तर तासाभरानेच. सकाळची घाई असेल तर स्मूदी करून ठेवू नका. तुकड्यांच्या एकेका पेल्याच्या पिशव्या बांधून फ्रीजरमध्ये ठेवा, सकाळी दोन मिनिटांत काम होतं.

आम्ही परदेशात आहोत. इथे आंबा मिळतो तो डब्यात.

तो आमरसाचा 850 ग्रॅमचा डबा ना? वेष्टन वाचा. बहुतेकांत साखर घातलेली असते, म्हणून वरून काही गोड नको. रस थेट ओतला तर स्मूदी पातळ होते. तो बर्फाच्या ट्रेमध्ये घालून गोठवा आणि ते खडे वापरा. बाकी तुमच्याकडे दुकानात तयार गोठवलेली बेरी, आंबा सगळं मिळतं, त्या बाबतीत तुम्ही आमच्यापेक्षा सुखी आहात.

भांड्याला लसणाच्या चटणीचा वास येतो. स्मूदीलाही तोच.

वास स्टीलला नसतो, झाकणाच्या रबराला असतो. रबर बोटाने काढा, त्याखालची खोबण बघा. बघवणार नाही अशी असते. रबर सोड्याच्या कोमट पाण्यात अर्धा तास ठेवा, लिंबाच्या सालीने घासा, उन्हात वाळवा. भांड्यात अर्धा पेला पाणी आणि भांडी घासायच्या साबणाचा थेंब टाकून दहा सेकंद फिरवा, पात्याखालचं निघतं. तरीही वास जात नसेल तर नवीन रबर आणा, भांड्यांच्या दुकानात मिळतं, किरकोळ किमतीत. नेताना झाकण सोबत न्या, मापं वेगवेगळी असतात.